दगडी बरी होते आणि पंधरा दिवसांनी परत येते, तेव्हा काय तपासायचं

"ट्यूब सोडल्या, तीन दिवसांत दूध साफ झालं, आणि पंधरवड्यात त्याच गायीला परत दगडी." गोठा सांभाळणाऱ्या कुणाशीही पाच मिनिटं बोललं तर ही तक्रार निघतेच. दगडी म्हणजे गायीच्या कासेला जंतूंमुळे येणारी सूज, आणि ट्यूब म्हणजे सडातून कासेत सोडायचं औषध. मी संगमनेर तालुक्यात एका गोठ्यावर सुपरवायझर आहे. दुधावर ३८ गायी, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. धार काढायची तीन बादली मशीन, धारेला दोन गडी आणि मालक पुण्यात. एका उन्हाळ्यात या दगडीनं आम्हाला इतकं छळलं की औषधांचं बिल पेंडीच्या बिलाशी स्पर्धा करायला लागलं. त्या वेळी मी काय चुकीचं तपासत होतो आणि शेवटी काय तपासलं, ते लिहितोय. ज्यांच्याकडे हाच त्रास फिरून फिरून येतो, त्यांच्या कामाला येईल.

सुरुवातीलाच एक सांगतो. एखाद्या गायीला दगडी होणं हा डॉक्टरांचा विषय आहे. गोठ्यात दगडी होत राहणं हा सुपरवायझरचा विषय आहे. डॉक्टर येतात, गाय बघतात, इंजेक्शन देऊन जातात. सकाळी साडेचारला धार कशी निघते, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ते आपण रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच आपल्याला ते दिसत नाही.

माझा पहिला संशय माणसावर गेला. दोन गड्यांपैकी एक बिहारचा पोरगा, नुकताच आलेला. तो आला आणि महिन्याभरात तीन गायी आजारी पडल्या, एवढ्यावर मी हिशोब मांडून टाकला. मालकांना फोनवर सांगितलं, "दादा, हा पोरगा कास नीट धूत नाही." दादा म्हणाले, "मग दुसरा बघ." दुसरा मिळाला नाही म्हणून तो टिकला, नाहीतर खरं कारण मला कधी कळलंच नसतं. ते कसं, हे पुढे येईलच.

आधी लिहायला लागा

औषध आणायच्या आधी एक वही करा. आम्ही वहीसुद्धा केली नाही. गोठ्याच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्या चौकोनातच लिहायला लागलो. गायीचा नंबर, कुठला सड, कुठलं मशीन, व्याल्यापासून किती दिवस झाले. सडाला खूण सोपी ठेवली: पुढचा उजवा पुउ, मागचा डावा माडा. तिन्ही बादल्यांना लाल, निळी आणि पिवळी चिकटपट्टी लावली, आणि कुठली गाय कुठल्या बादलीवर जाते ते पक्कं केलं. तोपर्यंत जी बादली हाताला लागेल ती लावली जायची.

सडाची नोंद का, ते सांगतो. त्याच गायीचा तोच सड परत परत बिघडत असेल, तर बहुतेक वेळा ती जुनीच दगडी असते, बरी झालेलीच नसते. दूध साफ दिसतं, पण जंतू कासेच्या आत दबा धरून बसलेले असतात. त्याच गायीचा वेगळा सड, किंवा दर वेळी वेगळीच गाय असेल, तर नवी लागण होत राहते आहे आणि ती कुठून तरी येते आहे. या दोन्हींचा इलाज पूर्ण वेगळा. नोंद नसेल तर दोन्ही सारख्याच दिसतात आणि दोन्हींवर त्याच ट्यूब सोडल्या जातात.

कॅलेंडरचं एक पान भरलं, आणि लाल पट्टीची बादली उठून दिसायला लागली. नवे आजार निम्म्याहून जास्त तिच्यावरच्या गायींचे. गंमत म्हणजे लाल बादली त्या बिहारी पोराकडे नव्हतीच. ती आमच्या जुन्या, भरवशाच्या गड्याकडे होती.

दिसत नाही तीच जास्त

डोळ्यांनी दिसणारी दगडी, म्हणजे सुजलेली कास, दुधात गाठी, कधी पू, ही थोडीच असते. लपलेली दगडी तिच्या कितीतरी पट असते. गाय खाते-पिते, दूध पांढरंशुभ्र दिसतं, फक्त रोज लिटर-दीड लिटर कमी येतं आणि डेअरीवर एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) घसरतं. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो. दुधाची डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरचं माप, लागत नाही म्हणून आपण मिनरल मिक्श्चर बदलतो, पेंड बदलतो, डेअरीच्या मशीनला शिव्या देतो. एकदा कासेकडेही बघा.

बघायची रीत सोपी आहे. सीएमटी, म्हणजे लपलेली दगडी ओळखायची चाचणी, तिचं द्रावण आणि चार वाट्यांचं पॅडल मेडिकलमध्ये मिळतं. प्रत्येक सडाचं थोडं दूध त्याच्या वाटीत घ्यायचं, तेवढंच द्रावण टाकायचं, आणि पॅडल गोल फिरवत दहा-पंधरा सेकंद बघायचं. दूध पातळच राहिलं तर सड ठीक. शेंबडासारखं घट्ट झालं तर आत सूज आहे. द्रावण हाताशी नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून तेही चालतं. त्यातही दूध तसंच घट्ट होतं, फक्त फरक थोडा बारकाईनं बघावा लागतो. नुकत्याच व्यालेल्या गायीचा चीक आणि आटत आलेल्या गायीचं दूध या चाचणीत उगाच घट्ट दाखवतं, तिथं घाबरून जाऊ नका.

आम्ही एका संध्याकाळी सगळ्या ३८ गायींचा प्रत्येक सड तपासला. दोन तास गेले, गडी वैतागले. त्या दिवशी उघड आजारी चार गायी होत्या, आणि घट्ट दूध निघालं ते अकरा गायींचं. म्हणजे सात गायी आम्ही निरोगी समजून मधेच कुठंही धारेला घेत होतो आणि तोच क्लस्टर (सडांना लावायचे चार कप) पुढच्या गायीला लावत होतो. हे कळलं त्या रात्री मी जेवलो नाही. आता महिन्यातून एकदा सगळ्या गायींची सीएमटी होते, चुकत नाही.

मशीनची नाडी

आता खरा मुद्दा. लाल बादलीच्या धारेच्या वेळी मी शेजारी उभा राहिलो. क्लस्टर काढल्याबरोबर सड बघितले. टोकं निळसर पडलेली, सडाच्या बुडाशी अंगठी घातल्यासारखा वळ, आणि दोन-तीन गायींच्या सडाची टोकं खरखरीत, फुलासारखी उमललेली. असा सड म्हणजे जंतूंना उघडं दार. सडाच्या टोकाची भोकं घट्ट मिटली तरच कास सुरक्षित असते, आणि इथं आमच्याच मशीननं ती फाकवून ठेवली होती.

मी तिथंच उकिडवा बसून कपाळाला हात लावला. तेवढ्यात तो बिहारी पोरगा मागून म्हणाला, "साहब, ये वाला धक-धक नहीं करता. हमने पहले भी बोला था." खरंच बोलला होता. आल्यानंतर आठवड्याभरात. मी "हो हो" करून पुढं गेलो होतो.

धक-धक म्हणजे पल्सेटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीन सडाला सतत ओढत नाही. लायनर, म्हणजे कपातली रबरी नळी, उघडतो तेव्हा दूध येतं, मिटतो तेव्हा सडाला दाबून रक्त परत फिरवतो. मिनिटाला साधारण ६० वेळा, आणि प्रत्येक वेळेत ओढण्याचा भाग साधारण ६० टक्के, दाबण्याचा ४०. पल्सेटरच्या हवेच्या बारीक छिद्रात धूळ किंवा दूध गेलं की हा ठोका बिघडतो. मग लायनर पूर्ण मिटत नाही आणि सड पाच-सात मिनिटं नुसता ताणला जातो. आमच्या लाल बादलीचं तेच झालं होतं.

तपासायला काही लागत नाही. मशीन चालू करा, एका कपात अंगठा घाला, बाकीचे तीन कप दुमडून धरा म्हणजे हवा जाणार नाही. अंगठ्याला ठोके जाणवले पाहिजेत: सोडतोय, दाबतोय, सोडतोय, दाबतोय. घड्याळ लावून मोजा. ठोका जाणवतच नसेल, किंवा चारही कपांत सारखा नसेल, तर त्या बादलीवर एकही गाय घेऊ नका. गायीला काय वाटत असेल ते तुमच्या अंगठ्याला अर्ध्या मिनिटात कळेल.

पुढची गोष्ट व्हॅक्यूम, म्हणजे मशीनची ओढ. बादली मशीनला तो ४२ ते ५० किलोपास्कल असावा. आपल्याकडच्या बऱ्याच गेजवर पाऱ्याचे मिलिमीटर असतात, तिथे हे साधारण ३१५ ते ३७५ होतं. आमचा काटा कायम अगदी योग्य जागी. इतका योग्य की पंप बंद केला तरी तिथंच! काटा अडकलेला होता, आणि कधीपासून ते देव जाणे. नवं गेज बसवलं तेव्हा व्हॅक्यूम बराच जास्त निघाला, कारण व्हॅक्यूम मर्यादेत ठेवणारा लाईनवरचा रेग्युलेटर धुळीनं आणि चिकट्यानं बुजला होता. रेग्युलेटर उघडून स्वच्छ करणं अर्ध्या तासाचं काम. आता पंप बंद झाल्यावर काटा शून्यावर येतो का, हे बघणं धारेच्या शेवटच्या कामात धरलं आहे.

लायनर महिन्यात मोजायचा नसतो

लायनर कधी बदलला, असं विचारलं की सगळे "सहा महिने" म्हणतात. रबरी लायनरला साधारण २,५०० धारा किंवा सहा महिने, यातलं जे आधी येईल ते. पहिला आकडा सगळे विसरतात. आमचा हिशोब असा: ३८ गायी, ३ मशीन, म्हणजे एका मशीनवर साधारण १२-१३ गायी. दोन वेळची धार धरली तर दिवसाला २५. म्हणजे १०० दिवसांत २,५०० धारा पुऱ्या. सहा महिने नव्हे, सव्वातीन महिने. आमचे लायनर अकरा महिन्यांचे होते. गुणाकार करा, ८,०००च्या वर धारा झाल्या होत्या. दुकानदाराला दोष देता येत नाही, त्याच्या पाकिटावर छापलेलं असतं. पाकीट मीच फेकलं होतं.

जुन्या लायनरचं रबर सैल पडतं, नीट मिटत नाही आणि सडावरून घसरतं. घसरला की सूं करून हवा आत शिरते, आणि त्या झोतासोबत दुधाचे थेंब उलटे सडात जातात. आत बारीक भेगा पडतात, त्यात दुधाचा थर बसतो आणि तो धुऊन निघत नाही. लायनर काढून उभा फाडून बघा. आतून करडा, भेगाळलेला दिसला तर हिशोब करायचीही गरज नाही.

धारेच्या सवयी

मशीन सुधारलं तरी माणसाचं काम राहतंच, पण ते मी ज्या ठिकाणी शोधत होतो तिथं नव्हतं. पोरगा कास नीट धूत होता. उलट जुना गडी एकदम दहा गायींची कास धुऊन घ्यायचा आणि मग एकेकीला मशीन लावायचा. वेळ वाचतो असं त्याला वाटायचं. कास चोळली की साधारण मिनिटभरात गाय पान्हावते, आणि तो पान्हा पाच-सात मिनिटं टिकतो. दहाव्या गायीपर्यंत पोहोचता पोहोचता तिचा पान्हा उतरलेला असायचा. मग दूध येईना म्हणून मशीन तसंच लावून ठेवायचं, कोरड्या सडावर. आता नियम एकच: एक गाय धुवा, पुसा, काळ्या फडक्यावर पहिल्या तीन-चार धारा काढून गाठी आहेत का बघा, मिनिटभरात मशीन लावा, मग पुढची. सुरुवातीला वेळ जास्त लागला. महिन्यात तेवढाच झाला, कारण गायी लवकर सुटायला लागल्या.

पान्ह्यासाठी इंजेक्शनची वाट कुणी धरू नये. ते बेकायदा आहेच, १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात दूध वाढवण्यासाठी अशी अपायकारक टोचणी चालत नाही. शिवाय एकदा सवय लागली की गाय त्याशिवाय पान्हा सोडत नाही.

आणि मशीन काढताना व्हॅक्यूम आधी बंद. आमच्याकडे ओढून काढायची पद्धत होती, पट्ट असा आवाज यायचा आणि सगळ्यांना तो धार संपल्याचा आवाज वाटायचा.

पुसायला प्रत्येक गायीला वेगळं फडकं. एकाच फडक्यानं पन्नास सड पुसणं म्हणजे दगडी वाटत फिरणं. आम्ही जुन्या सुती साड्यांचे तुकडे केले, ते रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकतो. धार झाली की लगेच प्रत्येक सड आयोडिनच्या कपात बुडवायचा. फवारा मारण्यापेक्षा बुडवणं बरं, कारण फवारा सडाच्या एकाच बाजूला बसतो. आणि त्यानंतर गव्हाणीत ताजा मुरघास. सडाचं भोक धारेनंतर अर्धा-एक तास उघडं असतं. तेवढा वेळ गाय उभी राहिली पाहिजे, आणि गायीला उभं ठेवायला वैरणीइतकं चांगलं काही नाही.

क्रम: आधी पहिलारू, मग निरोगी, मग सीएमटीत घट्ट निघालेल्या, सगळ्यात शेवटी औषध चालू असलेल्या. त्या शेवटच्यांचं दूध वेगळ्या बादलीत, आणि डेअरीला नाही. औषधाच्या पाकिटावर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत नाहीच नाही. कालवडींनाही ते दूध पाजू नका.

ट्यूब सोडताना

दोन चुका सगळीकडे बघतो. एक, दूध साफ दिसलं की ट्यूब थांबवणं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. अर्धवट मारलेले जंतू कासेत लपून बसतात, आणि पंधरवड्यानं येणारी दगडी बहुतेक वेळा तीच असते. दुसरी, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं न पुसता नळी पूर्ण आत खुपसणं. नळीचं फक्त टोक, काही मिलिमीटर आत गेलं तरी पुरतं. खोल घातली तर बाहेरची घाण आपणच आत ढकलतो.

दोन-तीनदा उपचार करून तोच सड परत बिघडत असेल, तर पुढची ट्यूब अंदाजानं आणू नका. दुधाचा नमुना तपासून कुठलं औषध लागू पडतं ते बघा. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग, अशा ठिकाणी ही सोय आहे. तुमच्या डॉक्टरांना जवळचं ठिकाण माहीत असतं. नमुना औषध सुरू करायच्या आधी घ्यायचा, निर्जंतुक बाटलीत, सड पुसून, पहिल्या धारा सोडून, आणि बर्फात ठेवून न्यायचा. आम्ही पहिला नमुना पाण्याच्या बाटलीत नेला होता. त्यातून काय निष्पन्न होणार?

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप आमच्याकडेही लावतात. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना वाटून दिवसातून आठ-दहा वेळा कासेला. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानंच याचा प्रसार केला आहे. सूज लवकर ओसरते हा माझाही अनुभव. पण ताप असेल, गाय बसून राहिली असेल, तर लेप वाटत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

गाय आटवतानाही विचार करा. व्यायच्या ६० दिवस आधी आटवताना चारही सडांत आटवणीच्या खास ट्यूब सोडल्या, तर जुनी दगडी बरी व्हायची हीच सगळ्यात चांगली वेळ. कुठल्या सोडायच्या ते डॉक्टर ठरवतील.

पावसाळ्यात निराळीच

मशीन, लायनर, सवयी, सगळं बदललं. दोन महिने कॅलेंडर जवळजवळ कोरं राहिलं. मी मालकांना फोन करून छाती फुगवून सांगितलं. आणि ऑगस्टमध्ये एका आठवड्यात तीन गायी पडल्या.

या वेळी घाईनं कुणावर बोट ठेवलं नाही. कॅलेंडर बघितलं. तिन्ही वेगवेगळ्या बादल्यांच्या. तिन्ही व्याल्याला पंधरा दिवस झालेले नव्हते. आधीची दगडी हळूहळू यायची, ही एका रात्रीत आली. भरपूर ताप, कास दगडासारखी, दूध पिवळ्या पाण्यासारखं, गाय खाणं टाकून बसलेली. मशीनमधून पसरणारी दगडी अशी येत नाही. ही शेणातल्या, चिखलातल्या जंतूंची.

आमचा मुक्त संचार गोठा. उन्हाळ्यात तो मस्त असतो. पावसाळ्यात पाण्याच्या हौदाभोवती असा राडा झाला होता की गायी गुडघ्यापर्यंत रुतत होत्या, आणि नुकत्याच व्यालेल्या गायी, कास जमिनीला टेकेल इतकी भरलेली, त्याच राड्याच्या कडेला बसत होत्या. बाकी कोरड्या जागेवर ताकदवान गायींनी कब्जा केलेला. इथं ट्यूब आणि लायनरचा काय संबंध?

हौदाभोवती मुरूम टाकून उतार काढला, हौदाचं वाहणारं पाणी चरीनं बाहेर नेलं. व्यायला झालेल्या आणि नुकत्याच व्यालेल्या गायींना पत्र्याखालची वेगळी कोरडी जागा दिली, खाली उसाचं पाचट, रोज ओलं काढून नवं. लाकडाचा ओला भुसा अंथरू नका, त्यात हे जंतू फार वाढतात. कासेचे आणि शेपटीचे केस कापले. आणि धारेआधीही सड आयोडिनमध्ये बुडवून अर्धा मिनिट थांबून, कोरडे पुसून मगच मशीन. ओल्या सडाला मशीन लावणं पावसाळ्यात सगळ्यात महागात पडतं. तीनपैकी दोन गायी उठल्या. एकीचे दोन सड गेले, ती विकली.

सध्याची स्थिती अशी. लायनर बदलल्याची तारीख बादलीच्या झाकणावर ऑईलपेंटनं लिहिलेली असते, आणि तिथून १०० दिवसांनंतरचीही. दर सोमवारी तो बिहारी पोरगा तिन्ही मशीनमध्ये अंगठा घालून ठोके मोजतो आणि कॅलेंडरवर तीन आकडे लिहितो. ते काम मी त्याला दिलं, आणि त्याच्या पगारात त्याबद्दल थोडी वाढही दादांकडून मागून घेतली. कारण सांगताना थोडं अवघड गेलं.

१७ नंबरच्या गायीचा मागचा डावा मात्र आटवणीनंतरही घट्टच येतो. डॉक्टर म्हणतात काढून टाका. दादांची ती पहिली गाय, ते ऐकत नाहीत. म्हणून ती रोज सगळ्यात शेवटी, पिवळ्या बादलीवर, आणि तिच्यानंतर ती बादली दोनदा धुतली जाते.